हॅनाचा शिलिंग, मैत्रेयीचा टाक

मित्रांनो, मी एक जुना शिलिंग आहे. म्हणजे एका बाजूने आहे. त्या बाजूला राणीचे डोके आहे, मागे घट्ट अंबाडा आणि त्याला फीत. दुसऱ्या बाजूला माझी किंमत लिहिलेली होती, ती एका माणसाने मुद्दाम घासून काढली. त्यामुळे बाजारात माझी पत गेली ती गेलीच. तरीही आयुष्यात दोनदा लोकांनी मला पैशापेक्षा जास्त जपले. त्यात माझा काही पराक्रम नव्हता. गप्प बसणे हा माझा स्वभाव आहे, आणि गप्प बसणाऱ्याला लोक हवे ते समजतात. आज मात्र मी बोलणार आहे.

माझा जन्म विलायतेच्या टांकसाळीत झाला. बोटीतून न्यूझीलंडला आलो आणि काही वर्षे इतर शिलिंगांसारखाच या खिशातून त्या खिशात फिरलो. कधी पावाला, कधी तंबाखूला. मग ओनेहुंगाच्या धक्क्यावर बोटी दुरुस्त करणाऱ्या नेड नावाच्या सुताराच्या मजुरीत आलो. त्याने मला खर्च केले नाही. सात-आठ संध्याकाळी तो मला ओल्या दगडावर घासत बसला, किमतीची बाजू गुळगुळीत केली, आणि बारीक टोच्याने तिच्यावर वळणदार अक्षरांत 'हॅना' असे नाव कोरले. नावाखाली दोन पाने काढली आणि कडेला एक भोक पाडले. त्या काळी ज्यांना अंगठी परवडत नसे ती माणसे प्रेमाची खूण अशी घरीच बनवत. भोक पाडताना दुखले का, असे तुम्ही विचाराल. नाही दुखले. उगाच खोटे कशाला सांगू?

हॅनाने मला दोऱ्यात ओवून गळ्यात घातले. पुढच्याच हिवाळ्यात नेड मनुकाऊच्या खाडीत बुडाला. तीन वर्षांनी हॅनाने पुकेकोहेच्या एका शेतकऱ्याशी लग्न केले, पण मला तिने गळ्यातून काढले नाही, आणि त्या शेतकऱ्यानेही कधी काढायला सांगितले नाही. एकदा बटाटे काढताना दोरा तुटला आणि मी मातीत पडलो. हॅना रडत बसली. तिचा नवरा तीन दिवस गुडघे टेकून चाळणीने माती चाळत होता. मी त्याच्या हातापासून वीतभर लांब होतो. त्याला मी सापडायला हवा होतो, असे मला आजही वाटते. पण सापडलो नाही. पुढे शंभराहून जास्त वर्षे माझ्यावरून नांगर गेले, ट्रॅक्टर गेले, कांद्याची पिके आली आणि गेली. त्या काळाबद्दल सांगण्यासारखे माझ्याजवळ फारसे काही नाही.

२०१४ सालच्या मार्चमध्ये, शेतातला कांदा निघाल्यावर, मला एका माणसाने उकरून वर काढले. त्याचे नाव श्रीनाथ. मूळचा पुण्याचा, ऑकलंडमध्ये माउंट रॉस्किलला भाड्याच्या घरात राहणारा इंजिनिअर. दर शनिवारी तो मेटल डिटेक्टर गाडीत टाकून निघायचा. डिटेक्टर म्हणजे लांब दांडा आणि त्याच्या टोकाला थाळी. थाळीखालच्या मातीत धातू असला की कानावरच्या हेडफोनमध्ये आवाज होतो. बहुतेक वेळा खणल्यावर बाटलीचे बूच निघते, नाहीतर ट्रॅक्टरचा नट. तरी श्रीनाथ दर आठवड्याला जायचा. कानावर हेडफोन असले की कोणाशी बोलावे लागत नाही, हा त्याला त्यातला खरा फायदा वाटत असे. हे मला त्याच्या घरी गेल्यावर कळले.

शेत गणेशभाईंचे होते. त्यांचे आजोबा गुजरातेतून येऊन पुकेकोहेत कांदे-बटाटे पिकवू लागले, आणि गणेशभाई अजून तेच करत होते. शेतात फिरायची परवानगी देताना त्यांनी श्रीनाथला एकच अट घातली होती. मला पाहिल्यावर ती त्यांनी पुन्हा सांगितली.

"देखो श्रीनाथ, खिळे, बूच, सगळं तुझं. पण नाव लिहिलेली चीज आपली नसते. ज्याची आहे त्याला शोधून द्यायची. ओके?"

"प्रॉमिस, गणेशभाई," श्रीनाथ म्हणाला. गणेशभाईंनी माझा फोटो काढून तिथल्या छोट्या संग्रहालयाच्या फलकावर लावायला दिला. श्रीनाथने मला बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात, इतर मोडतोडीबरोबर ठेवले.

आता या घराची गोष्ट सांगतो. श्रीनाथची पहिली बायको मैत्रेयी २०११ मध्ये आजाराने गेली. त्यांची मुलगी ओवी तेव्हा चार वर्षांची होती. दोन वर्षांनी श्रीनाथने सुमेधाशी लग्न केले. सुमेधा हॉस्पिटलात नर्स होती, ओवी तिला मावशी म्हणे, आणि दोघींचे छान जमत असे. घरात वाईट असे काहीच नव्हते. फक्त मैत्रेयीचे नाव कोणी घेत नव्हते. सुमेधाला खुपेल म्हणून श्रीनाथ घेत नसे. श्रीनाथला त्रास होईल म्हणून सुमेधा घेत नसे. आणि ओवी लहान आहे, विसरून जाईल, असे दोघांनाही वाटे. घरात मैत्रेयीचा फोटोसुद्धा नव्हता. एकमेकांना जपता जपता त्यांनी ते नाव घरातून पार पुसून टाकले होते, आणि आपण असे काही केले आहे हे कोणाच्या ध्यानातही नव्हते.

त्या वर्षी दिवाळीला श्रीनाथची आई, लीलाआजी, सहा महिन्यांसाठी आली. आजींना रिकामे बसणे ठाऊक नव्हते. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळी कपाटे काढली आणि बिस्किटांचा डबा उघडला. डब्यात चांदीची चकती, चकतीवर अंबाडा घातलेल्या बाईचा मुखवटा, वर ओवायला भोक. आजी मटकन खाली बसल्या. देवांचे आणि गेलेल्या माणसांचे चांदीचे टाक करून देवघरात ठेवतात, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. आजींच्या माहेरी, पहिली बायको गेली की तिचा टाक करायची रीत होती, आणि दुसरीने त्याची पूजा करायची. आजींची खात्री पटली, की आपल्या मुलाने मैत्रेयीचा टाक घडवला आणि नव्या बायकोच्या धाकाने खिळ्यांत लपवला.

मग त्यांनी मला लिंबू, मीठ आणि रांगोळी लावून घासले. मित्रांनो, जुन्या नाण्याला असे कधी घासू नये. राणीचे निम्मे नाक त्या दिवशी गेले. पण आजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, त्यामुळे मी त्यांना क्षमा केली. हळदकुंकू लावून त्यांनी मला देवघरात तांदळावर ठेवले, राणी वर आणि हॅना खाली. नंतर सुमेधाला हाक मारली.

"सुमेधा, मनाला लावून घेऊ नकोस हो. श्रीने मैत्रेयीचा टाक करून ठेवलाय. बिचाऱ्याने लपवलान् तुझ्यापासून. अगं, यात काही कमीपणा नसतो. ती थोरली, तू धाकटी. एक फूल वाहत जा, झालं."

सुमेधाने मला उचलून उलटे केले आणि 'हॅना' वाचले. तिला हसू आले. 'आई, अहो हे तर नाणं आहे' हे वाक्य अगदी तिच्या ओठांवर आले होते. पण तेवढ्यात आजींनी ओवीलाही बोलावले होते.

"ये बाळा. ही बघ, तुझी आई."

ओवी तेव्हा सात वर्षांची होती. मराठी तिला सगळे समजे, पण बोलायची ती इंग्रजीतच. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "हाय, मम्मा."

सुमेधाने वाक्य गिळले आणि मला पुन्हा तांदळावर ठेवले.

संध्याकाळी श्रीनाथची गाडी आली तशी तिने त्याला गॅरेजमध्येच गाठले आणि सगळे सांगितले. "आता आईंना खरं तू सांग," ती म्हणाली, "पण आधी आत जाऊन ओवी काय करतेय ते बघ." श्रीनाथ आत आला. ओवी देवघरासमोर मांडी घालून मला तिच्या वर्गातल्या कोणाचा दात कसा पडला ते सांगत होती. श्रीनाथ दारातूनच मागे फिरला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे त्याने मनाशी ठरवले, आणि आजी परत पुण्याला जाईपर्यंत ती कोणीच उघडली नाही. आजी गेल्यावर तर उघडायचे काही कारणच राहिले नाही.

असा मी दीड वर्ष मैत्रेयी होतो. ओवी रोज शाळेत जाण्याआधी समोर यायची. "मम्मा, टुडे इज क्रॉस कंट्री. मम्मा, माय स्विमिंग टॉग्ज आर वेट, मावशी सेज पुट देम इन द ड्रायर. मम्मा, आय गॉट हीप्स ऑफ स्टिकर्स." जे श्रीनाथला आणि सुमेधाला कधी कळले नाही ते मला कळायचे: शाळेत मदर्स डेचे कार्ड करताना तिने एकाऐवजी दोन केली आणि एक दप्तरातच ठेवले. तिला आईचा आवाज आठवत नव्हता आणि ते कोणाला सांगायची तिला लाज वाटत होती. मी मैत्रेयी नाही हे मला माहीत होते. ते सांगता आले असते तरी मी सांगितले असते की नाही, याची मला खात्री नाही. मी तसा कोरडा माणूस आहे, म्हणजे कोरडे नाणे. पण त्या मुलीची वाट पाहायची मला सवय लागली.

२०१६ च्या एप्रिलमध्ये गणेशभाईंचा फोन आला. संग्रहालयातला फोटो पाहून वायुकूची एक म्हातारी बाई आली होती. हेदर तिचे नाव, वय ब्याऐंशी. हॅना तिची पणजी. शेत तेच, काळ तोच, शंकेला जागा नव्हती. शनिवारी अकरा वाजता ती मला न्यायला येणार होती.

श्रीनाथने फोन ठेवला आणि खुर्चीत बसला. ओवी तेव्हा शाळेत होती.

"हरवलं म्हणून सांगू का?" त्याने सुमेधाला विचारले.

"तू गणेशभाईंना शब्द दिला आहेस, श्री."

"आणि ओवीचं काय? आई एकदा गेलीच आहे तिची. आता मी स्वतःच्या हाताने दुसऱ्यांदा काढून द्यायची?"

श्रीनाथनेच तोडगा काढला. शनिवारी ओवी स्विमिंगला जाते. तेवढ्यात हेदरला मला देऊन टाकायचे. ओवीला सांगायचे, की टाक उजळायला पुण्याच्या सोनाराकडे पाठवला आहे. पुढच्या महिन्यात पुण्याहून खराखुरा चांदीचा टाक मागवून तिथे ठेवायचा.

"म्हणजे एका खोट्यावर दुसरं," सुमेधा म्हणाली.

"मग तू सांगशील तिला? की मम्मा म्हणून दीड वर्षं तू एका नाण्याशी बोलतेयस, आणि आम्ही दोघं ऐकत होतो?"

मला त्या वेळी श्रीनाथचा राग आला आणि कीवही आली. तो मुलीला वाचवत होता की स्वतःला, हे त्याचे त्यालाच कळत नव्हते.

शनिवारी सकाळी ओवी पिशवी भरून दारात उभी राहिली. सुमेधाने गाडीची चावी काढली, हातात थोडा वेळ धरली आणि परत पर्समध्ये टाकली. "आज स्विमिंग नाही," ती म्हणाली. "घरी पाहुण्या येताहेत. तुला घरी असायला हवं." श्रीनाथने तिच्याकडे असे पाहिले, की एरवी तिने माघार घेतली असती. पण तेवढ्यात बेल वाजली.

हेदर "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत आत आली. हातात स्वतःच्या झाडाच्या फीहोआ नावाच्या हिरव्या फळांची पिशवी. ती सोफ्यावर टेकली आणि तिने पणजीची गोष्ट सांगितली. त्यांच्या घरात असे सांगत, की हॅनाने लग्नाच्या दिवशी जुन्या प्रियकराची खूण स्वतःच शेतात भिरकावून दिली. मी देवघरातून ऐकत होतो. तीन दिवस माती चाळणाऱ्या त्या नवऱ्याची आठवण कोणालाच राहिली नव्हती, आणि साक्ष द्यायला मी एकटा होतो. असो.

"सो, मे आय सी हर?" हेदरने विचारले.

श्रीनाथ मुलीकडे वळला. "ओवी, बाळा, तुला काहीतरी सांगायचंय. देवघरातला तो टाक... म्हणजे तो खरं तर..."

ओवी उठली. देवघरातून तिने मला उचलले, फ्रॉकच्या टोकाने माझ्यावरचे कुंकू पुसले आणि मला उलटे करून हेदरच्या तळहातावर ठेवले, हॅना वर आणि राणी खाली.

"बाबा, आय कॅन रीड," ती म्हणाली. "आय न्यू. ऑन द व्हेरी फर्स्ट डे. इट सेज हॅना."

श्रीनाथ तिच्याकडे पाहतच राहिला. सुमेधाने तोंडावर हात ठेवला. ओवीने त्यांना कधी काही विचारले नव्हते, म्हणून तिला काही ठाऊक नाही, असे ही दोन मोठी माणसे धरून चालली होती. पोरीला पाचव्या वर्षापासून वाचता येत होते.

"मग तू रोज..." श्रीनाथ म्हणाला. "मग तू रोज तिच्याशी का बोलत होतीस?"

ओवीने खांदे उडवले, आणि मग एरवी ज्या भाषेत ती उत्तर देत नसे त्या भाषेत दिले.

"कारण तुम्ही कोणी मम्माचं नाव घेत नव्हता. आजीनं ही मम्मा म्हटलं, तेव्हा मावशी पण काही बोलली नाही, तुम्ही पण नाही. मग मला वाटलं, इथं बसून मम्मा म्हटलेलं चालतं. फक्त इथंच."

मित्रांनो, माझ्या अंगावरून नांगर गेले आहेत. पण ते वाक्य मला जास्त लागले.

हेदरला मराठी कळत नव्हते, पण रडणारी माणसे तिला कळत होती. तिने काय झाले ते विचारले. ओवीने नीट समजावून सांगितले, की आम्ही हिला माझी मम्मा समजत होतो, निदान आजी समजत होती. माझ्या मम्माचे नाव मैत्रेयी. ती मी चार वर्षांची असताना गेली. हेदरने मला तळहातावर क्षणभर पाहिले आणि ओवीपुढे धरले. हवे तर ठेव, असा त्याचा अर्थ. ओवीने मान हलवली. "नो. शी इज युअर्स."

"अँड युअर मम?" हेदरने विचारले. "व्हॉट वॉज शी लाइक?"

ओवीने तोंड उघडले आणि मिटले. तिला सांगण्यासारखे काही आठवतच नव्हते. मग ती श्रीनाथकडे वळली.

हेदरने मला चहाच्या कपांशेजारी टेबलावर ठेवून दिले, कारण तिलाही उत्तर ऐकायचे होते.

श्रीनाथने आधी सुमेधाकडे पाहिले. सुमेधा म्हणाली, "सांग ना. मलाही कुठं माहितीये?"

"मैत्रेयी," तो म्हणाला, आणि थांबला. पाच वर्षांत ते नाव त्या घरात त्याने पहिल्यांदा उच्चारले होते. मग हळूहळू, अर्धे मराठीत आणि हेदरसाठी अर्धे इंग्रजीत, तो सांगू लागला. मैत्रेयी विनोद सांगण्याआधीच स्वतः हसत सुटायची, त्यामुळे तिचा एकही विनोद त्याने पूर्ण ऐकला नव्हता. राउंडअबाउटवर तिची गाडी बंद पडली की मागच्या गाडीवाल्याला ती खिडकीतून हात जोडायची. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याशी भांडून तिने त्याच्या कुंडीतला कढीपत्ता मिळवला होता. तिचा आवाज घोगरा होता. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी तिने ओवीचे पुढचे केस स्वयंपाकाच्या कात्रीने कापले, ते तिरके झाले, आणि दोघी आरशासमोर बसून हसत होत्या.

"घोगरा म्हणजे कसा?" ओवीने विचारले. श्रीनाथने नक्कल करून दाखवली. ती वाईट झाली असावी, कारण तो स्वतःच हसला आणि मग त्याचा चेहरा हातांत गेला. ओवी त्याला चिकटून बसली.

"आणखी?" हे सुमेधाने विचारले.

सव्वा तास हे चालले होते. चहा निवला. सव्वा तास माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. शंभर वर्षे मातीत माझ्याकडे दुर्लक्ष झाले होते, त्याचे मला कधी काही वाटले नव्हते. या दुर्लक्षाचे मात्र वाटले. मला फार बरे वाटले.

आता २०१९ साल आहे. मी वायुकूला हेदरच्या कपाटात मऊ कापडावर असतो. आठवड्यातून एकदा ती मला बाहेर काढते, घासत नाही, नुसती पाहते, आणि हॅनाने मला भिरकावले होते ती चुकीची गोष्ट नातवंडांना पुन्हा सांगते. मी ऐकून घेतो.

मित्रांनो, जुनी नाणी जपा, त्यांना रांगोळीने घासू नका, आणि सापडलेल्या वस्तूवर नाव असेल तर त्या नावाचे माणूस शोधा. पण मला खरे सांगायचे आहे ते वेगळेच. तुमच्याही घरात असे एखादे नाव असेल, जे घेतले की मोठी माणसे विषय बदलतात. त्यासाठी कोणी माझ्यासारखे नाणे उकरून आणण्याची वाट पाहू नका. आज जेवायला बसलात की ते नाव मोठ्याने घ्या, आणि विचारा, कशी होती ती?